हरणाऱ्या संघाचे तिकीट

दिवाळीच्या डब्यांतला फराळ तळाला लागला, चिवड्यातले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप संपून नुसते पोहे उरले, की आमच्या कोल्हापुरात दोन गोष्टींचे वेध लागतात. एक उसाच्या गाड्यांचे आणि दुसरे फुटबॉलचे. पंचक्रोशीतल्या साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, त्याच सुमारास पेठापेठांतल्या मंडळींची डोकीही तापू लागतात. पुढे पावसाळा तोंडावर येईपर्यंत ती काही निवत नाहीत.

परगावच्या वाचकांना कोल्हापूर म्हटले की अंबाबाई, पायताण, तांबडा-पांढरा रस्सा आणि कुस्ती एवढ्याच गोष्टी आठवतात. फुटबॉलचे नाव काढले की त्यांचे मन एकदम कलकत्त्याला नाहीतर गोव्याला धावते. त्यांच्यासाठी चार शब्द आधी सांगायला हवेत. राजर्षी शाहू छत्रपतींनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले आणि पेठेपेठेतून तालमी घुमू लागल्या, हे सर्वश्रुत आहे. पण तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा हौदा नव्हे. ती त्या पेठेची चावडी असते. तिथे गणपती बसतो, तिथे वर्गणीचा हिशेब होतो, तिथे भांडणे मिटतात आणि क्वचित पेटतातही. अशा या तालमींत फुटबॉल शिरला आणि घरच्यासारखा राहिला. ज्यांच्या आजोबांनी अंगाला माती लावली, ती पोरे पायांत बूट चढवून हिरवळीवर धावू लागली. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना झाली. तिच्या लीगमध्ये सोळा संघ खेळतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, जुना बुधवार पेठ तालीम ही नावे वाचून एखाद्या पाहुण्याला वाटावे, की ही कुस्त्यांची जोडपत्रिका आहे! फुटबॉलचा संघ ‘तालीम’ म्हणून मिरवतो, असे गाव मला तरी दुसरे ठाऊक नाही.

पाटाकडील विरुद्ध खंडोबा असा सामना लागला, की मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्यात त्या दिवसापुरती जणू सरहद्दच पडते. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा मिळत नाही. ज्याने जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही असा किराणा दुकानदारही त्या दिवशी ‘ऑफसाइड’ या विषयावर अधिकारवाणीने बोलतो. हे दृश्य पाहून मुंबई-पुण्याची मंडळी थक्क होतात आणि म्हणतात, ‘‘तुमच्याकडे काय बुवा, प्रेक्षकांची ददात नाही!’’

पण हे अर्धेच सत्य आहे. त्याच मैदानावर, त्याच आठवड्यात, लीगच्या तळाला असलेल्या दोन संघांचा सामना पाहायला कधी जाऊन पाहावे. त्या वेळी पायऱ्यांवर माणसांपेक्षा उन्हालाच जास्त जागा मिळालेली असते. खेळाडूंची ओरड इकडून तिकडे स्पष्ट ऐकू येते. मोठ्या तालमींच्या तिकिटासाठी जिथे रेटारेटी होते, तिथल्याच खिडकीतला माणूस आज पेपरातले कोडे सोडवीत बसलेला असतो. सोळा संघांची लीग म्हणायची आणि गर्दी चार-पाच संघांची पाहायची, असा हा मामला आहे. आजच्या सदराचा विषय ते चार-पाच संघ नव्हेत, उरलेले आहेत.

मराठीचा प्राध्यापक म्हटला, की लोकांचा समज असा असतो, की याच्या घरी शब्दांचे गोदाम आहे. लग्नपत्रिका, मानपत्र, श्रद्धांजली, शुभेच्छाफलक, सगळ्यांसाठी माणसे येतात. असाच एका छोट्या तालमीचा चिटणीस मागे माझ्याकडे आला होता. पोरगा उमदा. हातात कागद. म्हणाला,

‘‘सर, एक पत्रक लिवून पायजे. असं लिवा, की वाचलं की मानूस सरळ तिकिटाच्या खिडकीवरच दिसला पायजे.’’

मी विचारले, ‘‘गेल्या हंगामात किती सामने जिंकलात?’’

‘‘एक जिंकला सर. दोन बरोबरीत. बाकीचं इचारू नका.’’

त्याने स्वतः केलेला मसुदा मी वाचला. पहिल्या ओळीत ‘भव्य’, ‘दिव्य’ आणि ‘रोमहर्षक’ अशी तीन विशेषणे एकापुढे एक दंडबैठका काढीत उभी होती. शेवटी ‘बहुसंख्येने उपस्थित राहून शोभा वाढवावी’ हे होतेच. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, ‘‘तुमचा गोलकीपर कोण आहे?’’

‘‘हाय की, आमच्याच गल्लीतला. उद्यमनगरात लेथवर काम करतोय. रातपाळी करून सकाळी सहाला मैदानावर हजर. एक दीस चुकवत न्हाई.’’

‘‘हे पेठेत किती जणांना ठाऊक आहे?’’

त्याने जरा विचार केला. म्हणाला, ‘‘त्याच्या घरच्यांस्नी.’’

‘‘मग पत्रकात हेच लिहा.’’

‘‘त्यात काय लिवायचं सर? त्ये तर रोजचंच हाय!’’

वाचकहो, या रोजच्या गोष्टीतच सारी मेख आहे असे मला वाटते. प्रेक्षक मैदानावर येतो तो खेळ पाहायला येतो, असे आपण धरून चालतो. खरे पाहता, उत्तम खेळ पाहायचा असेल तर आता घरातून हलायचे कारण उरलेले नाही. माद्रिदचा असो की मँचेस्टरचा, जगातला सर्वांत चांगला फुटबॉल रात्री दहानंतर दिवाणखान्यातल्या टीव्हीवर दिसतो, तोही पायांवर पांघरूण घेऊन. त्याच्याशी आपल्या पेठेतल्या संघाने स्पर्धा करायची म्हटले, तर तो सामना सुरू होण्याआधीच हरलेला आहे. पण त्या दिवाणखान्यातल्या फुटबॉलला एक गोष्ट देता येत नाही. तिथला गोलकीपर आपल्याला रस्त्यात भेटत नाही. त्याच्या आईला आपण भाजीबाजारात ओळखत नाही. ‘काय भावा, काल कसा काय सोडलास बॉल?’ असे त्याला विचारता येत नाही. स्थानिक संघाजवळ विकण्यासारखा माल आहे तो हा. आणि नेमका तोच माल तो दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवतो आणि दर्शनी भागात ‘भव्य’ आणि ‘दिव्य’ मांडतो!

ओळखीवाचून संघ कसा उभा राहतो आणि कसा विरून जातो, हे पाहायला लांब जायला नको. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा बलाढ्य संघ. २००५–०६ साली त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. २०१० साली तो बंद झाला. पुणे एफसी २००७ साली निघाली, २०१२–१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली आणि काही वर्षांतच तिचा वरिष्ठ संघ इतिहासजमा झाला. २०१४ साली आलेल्या एफसी पुणे सिटीच्या मालकांत तर सिनेनट हृतिक रोशन होता. तो संघ २०१९ साली गुंडाळला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. त्या हैदराबादने पुढे २०२२ साली इंडियन सुपर लीगचे विजेतेपदही मिळविले. मुंबई एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, या साऱ्या नावांची यादी आता श्राद्धाच्या यादीसारखी वाचावी लागते. आणि १८९१ सालापासून चालत आलेली मुंबईची रोव्हर्स स्पर्धा? तीही नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबली ती थांबलीच.

या संघांना पैसा नव्हता असे नाही. परदेशी शिक्षक होते, चकचकीत गणवेश होते, जाहिराती होत्या. त्यांच्यामागे जीव टाकणारे काही थोडे चाहतेही होते, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण मालकाचे गणित चुकले त्या दिवशी संघ मिटला आणि त्यामुळे एखाद्या पेठेत चूल पेटली नाही, असे काही घडले नाही. पुण्यात पेठा काय कमी आहेत? पण त्यांपैकी एकही पेठ त्या संघांची नव्हती. उलट आमच्या कोल्हापुरातल्या तालमी पाहा. त्यांना मालकच नाही. मालक नाही म्हणून विकायला कोणी नाही. सारे भांडण, सारा व्याप, सारी वर्गणी पेठेची. म्हणून त्या टिकल्या.

यावर कोणी म्हणेल, ‘‘हे झाले जिंकणाऱ्या तालमींचे. हरणाऱ्याचे काय? हरणाऱ्याच्या मागे कोण जातो?’’ तर जाणारे जातात. जर्मनीत बर्लिन शहराच्या पूर्व भागात युनिओन नावाचा एक संघ आहे. कामगारवस्तीचा, पैशाने सदा तंगीत. २००४ साली त्याच्यावर असा प्रसंग आला, की लीगमध्ये खेळण्याच्या परवान्यापुरतेही पैसे जमेनात. त्या देशात रक्तदात्याला थोडा मोबदला मिळतो. चाहत्यांनी रांगा लावून रक्त दिले आणि ते पैसे संघाला दिले. २००८ साली मैदानाच्या पायऱ्या मोडकळीला आल्या, तेव्हा दोन हजारांवर माणसांनी स्वतः हातात फावडी घेऊन नव्या पायऱ्या बांधल्या. त्यात गवंडी होते तसे कचेरीतले कारकूनही होते. नाताळच्या दोन दिवस आधी त्या मैदानावर हजारो माणसे आता सहकुटुंब गाणी म्हणायला जमतात. ती चाल २००३ साली ८९ माणसांनी सुरू केली, आणि तेव्हा संघ सारखा हरत होता म्हणून, मन रमवायला, ती मंडळी जमली होती! २०१९ साली तो संघ जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये गेला. पण पायऱ्या बांधणाऱ्यांना हे भविष्य कोणी सांगितले नव्हते.

आणि जर्मनीचेच उदाहरण कशाला? आपण मराठी माणसे तर या बाबतीत जगाला धडे देऊ. अटकेपार झेंडे लावल्याचे आपण अभिमानाने सांगतो खरे, पण गळा दाटून येतो तो १७६१च्या पानिपताने. पराभवाला अडीचशे वर्षे उराशी धरून बसणाऱ्या लोकांना आपल्या गल्लीच्या संघाचे तीन गोलांनी हरणे सोसवू नये, हे काही पटत नाही.

तेव्हा आपुलकी असली की झाले, असे म्हणून मला थांबता आले असते. पण इथेच एक अवघड गोष्ट आहे आणि ती टाळून चालणार नाही. आपुलकीला एक दुसरे तोंडही असते. गेल्या काही वर्षांत आमच्या मैदानावर हुल्लड झाली, शिवीगाळ झाली, दगड-बाटल्या भिरकावल्या गेल्या, सामने थांबले, पोलिसांना लाठी हातात घ्यावी लागली. हे करणारे लोक काही परके नव्हते. ‘आपला संघ’ असे म्हणून छाती बडवणारेच होते. ज्या जिव्हाळ्याने पायऱ्या भरतात, त्याच जिव्हाळ्याने त्या रिकाम्याही होतात. कारण एकदा असा प्रकार पाहिलेला गृहस्थ पुढच्या खेपेला मुलाला घेऊन येत नाही, आणि बायकोला तर नाहीच नाही. मग उरतात ती फक्त तरणी पोरे, आणि नुसत्या तरण्या पोरांची गर्दी कशी वागते हे गणपती विसर्जनाच्या रात्री आपण पाहतोच.

याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो छोट्या संघांना. मोठ्या तालमीचा प्रेक्षक हुल्लड सोसूनही येतो. छोट्या संघाचा होऊ घातलेला प्रेक्षक म्हणजे तुमच्या-आमच्यासारखी कुटुंबवत्सल माणसे. ती ‘नको ती कटकट’ म्हणून रंकाळ्यावर भेळ खायला जातात.

मग करायचे काय? मी काही फुटबॉलचा पंडित नव्हे. पण वर्गात रिकाम्या बाकांपुढे शिकवण्याचा अनुभव प्राध्यापकाइतका कोणाला असणार? त्या जोरावर चार गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट ओळखीची. तालमीच्या दारात एक फळा लावावा. त्यावर अकरा खेळाडूंची नावे, गल्ली आणि काम लिहावे. कोण लेथवर आहे, कोण दूध घालतो, कोण बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सामन्याच्या आधी दोन दिवस संघातल्या दोघांनी पेठेतल्या शाळेत जाऊन तासभर पोरांबरोबर चेंडू खेळावा. ज्या पोराला गोलकीपरने एकदा चेंडू टाकला, ते पोर रविवारी बापाला स्वस्थ बसू देणार नाही. प्रचाराला इतका स्वस्त आणि इतका चिवट माणूस दुसरा मिळायचा नाही.

दुसरी गोष्ट तिकिटाची. आपल्या मध्यमवर्गात एक जुना रोग आहे: ‘पास मिळेल का हो?’ नाटक असो, गाणे असो, सामना असो, पास मिळाला तर आपण मोठे. आणि गंमत अशी, की फुकट मिळालेला पास टेबलाच्या खणातच राहतो. थोडा कंटाळा आला, पाहुणे आले, की जाणे रद्द. पैसे मोजून घेतलेले तिकीट मात्र माणसाला हाताला धरून घेऊन जाते. म्हणून संघटकांनी पास वाटून पायऱ्या भरण्याच्या फंदात पडू नये. त्यापेक्षा गणपतीची वर्गणी जमवतो तसे दिवाळीनंतर दारोदार जाऊन सगळ्या हंगामाचे तिकीट विकावे. दर थोडका असावा, पण घरटी असावा. पावतीवर घराचे नाव लिहावे. ज्याची पावती फाटली तो संघाला शिव्या देण्याचा हक्कदार झाला, आणि शिव्या द्यायला का होईना, पण तो येतो!

तिसरी गोष्ट घरच्या माणसांची. महिलांसाठी आणि मुलांसाठी सावलीची जागा, प्यायचे पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह आणि ठरलेल्या वेळी सुरू होऊन ठरलेल्या वेळी संपणारा सामना. यात भव्यदिव्य काही नाही, पण यातले एक जरी नसले तरी गृहिणी पुन्हा येत नाही. काही मंडळी म्हणतात, ‘‘बायका आल्या की पोरे नीट वागतील.’’ वागतीलही. पण बायकांना पोलीस म्हणून बोलावू नका, प्रेक्षक म्हणून बोलवा. शिवाय त्यांना खेळातले काही कळत नाही, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी लक्षात ठेवावे, की २०१९ साली लुधियानात झालेल्या महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये कोल्हापूर सिटी या नावाचा आपल्या गावचा संघ खेळून आला आहे. त्या मुलींच्या आयांना ऑफसाइड आपल्यापेक्षा बरा समजत असेल.

चौथी गोष्ट हरण्याची. हरलेला संघ आमच्याकडे खाली मान घालून तडक कपडे बदलायला जातो. प्रेक्षकही पाठ फिरवून निघतो. म्हणजे दोघांचीही ओळख पराभवाच्या क्षणी तुटते. त्याऐवजी शिट्टी वाजल्यावर अकराही जणांनी आपल्या पायऱ्यांपुढे यावे, हात जोडावेत आणि मग जावे. जो आपल्यासमोर घामाघूम उभा राहून हात जोडतो, त्याला सहसा शिवी देववत नाही. आणि त्याच्या पुढच्या सामन्याला न जाणेही जरा जड जाते.

यापलीकडे एक मोठी कल्पना माझ्या मनात घोळते आहे आणि ती फुटबॉलची नसून नाटकाची आहे. संगीतसूर्य केशवराव भोसले आमच्या कोल्हापूरचे. त्यांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी या त्या काळच्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या. दोघांचे चाहते एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसत. आजच्या आपल्या तालमींसारखेच म्हणा ना. पण जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी दोन्ही कंपन्यांनी मुंबईत मिळून ‘मानापमान’ केले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तिकिटांचे दर भलतेच चढे होते, तरी तिकिटांवर उड्या पडल्या. शंभर वर्षे उलटली तरी ‘संयुक्त मानापमान’ हा शब्द मराठी रसिकांच्या तोंडी आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. त्यांच्या नावाचे आमचे नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत सापडले, तेव्हा डोळे पुसत उभ्या असलेल्या गर्दीत कोण कोणत्या पेठेचा हे कोणी विचारले नव्हते.

तसा एक ‘संयुक्त’ सामना आमच्या मोठ्या तालमींनी हंगामाच्या सुरुवातीला का खेळू नये? पाटाकडीलचे आणि खंडोबाचे खेळाडू एका गणवेशात, आणि समोर बाकीच्या साऱ्या संघांतून निवडलेले अकरा. त्या दिवशीचे सगळे उत्पन्न तळाच्या चार संघांच्या बुटांसाठी, चेंडूंसाठी आणि सकाळच्या दुधाकेळ्यांसाठी द्यावे. पाटाकडील आणि खंडोबा एका गणवेशात हे दृश्य पाहायला अख्खे कोल्हापूर लोटेल, नुसत्या अविश्वासापोटी लोटेल!

मोठ्यांनी लहानांसाठी हे का करावे, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर दयेत नाही, हिशेबात आहे. लीग म्हणजे साखळी. खालच्या कड्या गळाल्या, की वरच्या दोन कड्या म्हणजे नुसते भांडण उरते. आज मोठ्या संघांकडे परगावचे आणि आफ्रिकेतलेसुद्धा खेळाडू येऊन खेळतात. खर्च वाढतो आहे. छोट्या तालमींना ही शर्यत झेपण्यासारखी नाही. असा एखादा संघ मोडला तर वर्तमानपत्रात दोन ओळीही येणार नाहीत. पण त्या पेठेतले सकाळी सहाचे मैदान मोडते. तिथे रोज पंचवीस-तीस पोरे येत असतात. त्यांतली बहुतेक काही मोठे खेळाडू होणार नसतात. ती फक्त त्या दोन तासांत कोपऱ्यावरच्या पानपट्टीपासून लांब असतात. आणि एखादे पोर खरोखरच मोठे निघते. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा भारताकडून खेळला. त्याचे वडील रिक्षा चालवीत. पुढचा असा मुलगा कोणत्या पेठेत आज चेंडू मारीत आहे हे कोणालाच माहीत नाही. म्हणून एकही मैदान मोडू देणे आपल्याला परवडण्यासारखे नाही.

हे सारे संघटकांना सांगून झाले. आता वाचकहो, थोडे तुम्हांला आणि मला. आपण मध्यमवर्गीय माणसे मुलांना स्पर्धेत पहिले यायला शिकवतो. त्यासाठी शिकवण्या लावतो, पहाटे उठवतो. पण हरल्यावर कसे उभे राहायचे, आणि हरलेल्याच्या शेजारी कसे उभे राहायचे, याची शिकवणी कुठे लागत नाही. ती शिकवणी लीगच्या तळाच्या संघाच्या सामन्याला फार स्वस्तात मिळते. सत्तर-ऐंशीव्या मिनिटाला, दोन गोल अंगावर असताना, बचाव फळीतला एखादा पोरगा जिंकण्याची काही आशा नसताना जीव तोडून मागे धावतो. त्या वेळी बारा वर्षांच्या मुलाने बापाकडे पाहून ‘‘बाबा, हा अजून का पळतोय?’’ असे विचारले, तर उत्तर देताना बापाचाही थोडा अभ्यास होईल.

तेव्हा या हंगामात एकदा तरी घरच्या सगळ्यांना घेऊन शाहू स्टेडियमवर जा. कोल्हापूरबाहेर राहत असाल तर तुमच्या गावातला सर्वांत अलीकडे हरलेला संघ शोधा. तो फुटबॉलचा असो, कबड्डीचा असो की खो-खोचा. जाण्याआधी त्याच्या चार खेळाडूंची नावे माहीत करून घ्या. डब्यात उरलेले पोहे बरोबर न्या, मैदानावर ते फार चवदार लागतात. आणि एक विनंती: चिटणीस ओळखीचा निघाला, तरी त्याच्याकडे पास मागू नका.